पॅडलवरचा पाय

धाकटी एक्केचाळीस वर्षांची झाली, तरी माहेरी तिला सगळे धाकटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. काम असं की केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कपाळ धरून परत यायचं.

त्या रविवारी ती माहेरी गेली ती बाबांसाठी केलेला नवा चष्मा घेऊन. हा चौथा. बाबांच्या नजरेचा मधलाच भाग गेला होता. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. यावर चष्म्याचा इलाज नाही हे तिला दुकानातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तरी ती चष्मे करत राहिली, कारण बाबांसाठी करण्यासारखं तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

फाटक उघडलं आणि ती जागीच थांबली. जुनी गाडी मागून उचललेली होती, पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावलेले होते. डावं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. त्या उघड्या जागेसमोर वहिनी बसली होती, दादाचा जुना शर्ट घालून, कोपरापर्यंत काळी. शेजारी खोक्यावर बाबा. त्यांचा हात वहिनीच्या खांद्यावर होता.

"मागचे ब्रेक," बाबा म्हणाले. "उजवं चाक कालच झालं. हिने केलं."

हिने केलं. धाकटीने चष्म्याची डबी पर्समध्येच राहू दिली.

ही गाडी तिच्या लहानपणाची. बाबा कारखान्यात फिटर होते, गाडीला त्यांनी परक्या माणसाचा हात कधी लागू दिला नाही. दादाला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नसे, त्यामुळे मदतीला उभी राहायची ती धाकटीच. तिचं काम एकच: सीटच्या टोकावर बसून ब्रेकचं पॅडल दाबायचं. बाबा खालून म्हणायचे, "दाब. धर. सोड." आठव्या वर्षापासून ती ते करत आली होती, आणि लग्न होऊन गेली तरी ब्रेकच्या दिवशी मुद्दाम येत होती. गाडीखाली काय चालतं ते तिने खिडकीतून वाकूनवाकून पाहिलं होतं. पाना मात्र कधी हातात आला नव्हता.

दादाने लग्न उशिरा केलं. वहिनी येऊन दोनच वर्षं झाली होती. शाळेच्या ऑफिसात कारकून असलेली, फारशी न बोलणारी बाई. कानामागून आली आणि तिखट झाली, असं धाकटीच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबद्दल तिला वहिनीचाच आणखी राग आला.

ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली. चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमच्या आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हे बाबांना सांगावं लागलं नाही. वहिनीला माहीत होतं. ब्रेकचा गळका सिलिंडर काढून तिने नवा बसवला. मग नवे ब्रेक शू. दोन अर्धगोल पट्ट्या, एकीवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, लांब, दुसरीवरचं आखूड. या गाडीत आखूड लायनर पुढच्या बाजूला येतं. उलटं बसलं तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. स्प्रिंग ताणताना वहिनीचा हात सटकला, बोट खरचटलं, तर बाबा म्हणाले, "सावकाश, बाळ." पॅडल दाबताना धाकटीचं बोट कधी खरचटलं नव्हतं, त्यामुळे तिला हे कोणी म्हटलंही नव्हतं.

आणि मग तिला ते दिसलं.

वहिनीने आखूड लायनर मागच्या बाजूला बसवलं होतं. का, तेही धाकटीला लगेच उमगलं. काल उजव्या चाकाशी बसल्यावर गाडीचं तोंड उजव्या हाताला होतं, आखूड लायनर उजवीकडे. आज डाव्या चाकाशी बसल्यावर गाडीचं तोंड डावीकडे आलं, पण वहिनीने कालच्यासारखंच आखूड उजवीकडे लावलं. उजव्या डोळ्याचं भिंग आणि डाव्या डोळ्याचं भिंग, यांत नवी पोरं अशीच फसतात.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा तपासतीलच, ती मनाशी म्हणाली. बाबा नेहमी बोटं फिरवून तपासतात. मग कळेल हिला.

वहिनीनेच विचारलं, "बाबा, हात लावून बघता?"

"तू बघितलंस ना?" बाबा म्हणाले. "मग झालं. ड्रम लाव."

आपल्या आयुष्यात बाबांनी हे वाक्य कोणाला म्हटल्याचं धाकटीला आठवेना. आईच्या स्वयंपाकाबद्दलही नाही, दादाच्या पगाराच्या कागदाबद्दलही नाही. ड्रम बसला.

मग तिला हाक आली. सिलिंडर नवा, म्हणून ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. ती सीटवर जाऊन बसली, पाय पॅडलवर ठेवला. "दाबा," आवाज आला. "धरा. सोडा." आवाज वहिनीचा होता. सतरा वेळा तिने दाबलं आणि सोडलं, आणि दर वेळी सांगायचं ठरवलं, आणि दर वेळी म्हटलं, पुढच्या वेळी.

चाक चढलं, गाडी खाली उतरली. गल्लीच्या उतारावर एक फेरी मारून बघू, असं वहिनी म्हणाली आणि हात पुसून स्टिअरिंगमागे बसली. बाबा चाचपडत पुढे आले. दाराची कड शोधली आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसू लागले.

"बाबा, उतरा," धाकटी म्हणाली. "डावीकडचे शू उलटे बसलेत."

वहिनीने इंजिन बंद केलं. बाबा एक पाय आत, एक बाहेर, तसेच थांबले.

"केव्हा कळलं तुला?"

आत्ताच लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होतं. पण बाबा तिच्या कानाच्या बाजूला बघत होते, तिला शोधत होते, आणि तिच्याने ते म्हणवलं नाही.

"ड्रम लावायच्या आधी."

बाबा मागे वळले. खोक्यावर जाऊन बसले. वहिनीने जॅक पुन्हा लावला, चाकाचे नट पुन्हा सोडवले. सगळं एकटीने केलं. ड्रम हातात घेऊन ती धाकटीकडे वळली.

"सांगितलं असतंत तर मला राग येईल असं वाटलं का, ताई?"

"नाही. तुम्ही आभार मानले असते. म्हणूनच नाही सांगितलं."

वहिनीने ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा लाल झाला होता. धाकटी म्हणाली, सरका, मी करते. वहिनी सरकली नाही. चूक माझी आहे, मीच काढणार, एवढंच ती म्हणाली, आणि स्प्रिंगा सोडायला लागली. या वेळी बाबांनी बोटं आत घालून आधी पुढचं लायनर चाचपलं, मग मागचं. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. धाकटीला वाटलं होतं हे बघून आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही.

उताराच्या फेरीला वहिनीने बाबांना बसू दिलं नाही.

"तुम्ही बसा माझ्याशेजारी," ती धाकटीला म्हणाली.

धाकटी निमूट बसली. उतारावर वहिनीने वेग घेतला आणि जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, जराही न ओढता. "चांगलं काम आहे," धाकटी म्हणाली. काम खरंच चांगलं होतं.

परत आल्यावर वहिनी हात धुवायला गेली. धाकटी बाबांच्या समोर उकिडवी बसली.

"मला कधी का नाही शिकवलंत?"

बाबांनी बराच विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून वेळ लागला असावा.

"तू पॅडलवर खूश दिसायचीस. हिने पहिल्याच महिन्यात विचारलं, मला दाखवाल का. तू विचारलं नाहीस."

"आता विचारते."

"आता मला दिसत नाही," बाबा म्हणाले. "तिला विचार."

धाकटी त्या दिवशी चहा न घेताच निघाली. दोन आठवडे तिचा जळफळाट चालू होता. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाची भिंगं अदलाबदल करून बसवली. मालकाने तिला कामावर ठेवल्यापासून पहिल्यांदाच. तिसऱ्या आठवड्यात तिने वहिनीला फोन केला. आधी माफी मागितली, मग विचारलं, मला दाखवाल का.

"पुढच्या चाकांच्या ब्रेकचं काम काढलंय," वहिनी म्हणाली. "रविवारी नऊला या. आणि जुने कपडे घालून या, ताई. मी सीटवर बसेन."