एका दिवसाच्या दोन दवंड्या

मी बलभीमची हलगी बोलतेय. जन्मभर दुसऱ्यांचं सांगत आले. आज स्वतःचं सांगायचंय, आणि तेच मला धड उमगलेलं नाही.

लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा देह. बलभीमच्या बापानं मला कळंबच्या बाजारातून आणलं, तेव्हा निजामाचं राज्य होतं. पुढं ते गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो. हुकूम मात्र माझ्याच अंगावर वाजत राहिले. मी वाजले की गाव मान डोलवायचं. हलगी खोटं बोलत नाही, असा माझाही समज होता.

सत्तावन्न साली तापाची साथ आली. सगळ्या जगात पसरलीय, असं लोक बोलत होते. सकाळी महसूल खात्याच्या गिरदावर साहेबांनी चावडीत कागद वाचला आणि बलभीमनं मजूरवस्तीत दवंडी दिली : "ऐका हो ऐका! ताप आलेल्यानं सात दिवस घराबाहेर पडू नये, आराम करावा, दूध अन् मोसंबी घ्यावी हो!"

"मोसंबी कशी असती रं?" कुणीतरी विचारलं.

"लिंबावानीच," दगडाबाई म्हणाली, "पर सायबाच्या घरात पिकती."

वस्ती खदखदून हसली. दगडाबाई सडकेच्या कामावर खडी फोडायची. घरात खाणारी तीन तोंडं, राबणारी ती एकटी.

दुपारी दुसरा कागद आला. सही तीच. पुन्हा वस्तीत गेलो : "सडकेच्या कामावर जो दोन दिवस येणार न्हाय, त्याचं नाव कमी होईल हो!"

"बलभीमा, सकाळचं खरं का दुपारचं?" दगडाबाईनं विचारलं. तिचे डोळे तापानं लाल झाले होते.

"मावशे, मला काय ठावं? वाचून दावलं ते वराडलो."

दुसऱ्या दिवशी दगडाबाई तशीच कामावर गेली. मुकादमानं तिला परतवलं. "तापाचं माणूस कामावर न्हाय घ्यायचं. दवंडी ऐकली न्हाय व्हय?" तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुकादमानं तिचं नाव काढलं. कारण काय, तर दोन दिवस गैरहजर!

मी चक्रावले. पहिल्या दवंडीनं तिला घरी धाडलं, दुसरीनं घरी राहिली म्हणून काढलं. दोन्ही वेळा आवाज माझाच. मग तिचं काम घेतलं कुणी? साहेबानं, मुकादमानं, की मी?

संध्याकाळी बलभीमनं कातडं ताठ व्हावं म्हणून मला जाळावर शेकलं आणि वस्तीत न जाता चावडीकडं वळला. साहेबांच्या दारातच त्यानं टिपरू हाणलं : "ऐका हो ऐका! वस्तीचा हुकूम हाय! दगडाबाईचं नाव परत घ्या हो! घरात बशीवलंय, तर सात दिसांची भाकर द्या हो!"

हलगी ऐकून मजूर जमले. साहेब बाहेर आले. "शुद्धीवर हाईस का बलभीम? दवंडी सरकार देतं, सरकारला कुणी देत न्हाय!"

"मग साहेब, सरकारला सांगायचं कशानं?"

समोरची गर्दी बघून साहेबांनी मुकादमाला बोलावलं आणि नाव परत घ्यायला लावलं. "भाकरीचं वर लिहून कळवतो," म्हणाले. आणि मला मात्र ठेवून घेतलं. परवानगीशिवाय वाजले म्हणून.

दगडाबाई अंगात ताप घेऊनच पुन्हा खडी फोडायला लागली; आता मुकादमानंही तिला अडवलं नाही. भाकरीवाचून सात दिवस बसणार कशी?

तेव्हापासून मी चावडीच्या कपाटात पडून आहे. कातडं सैल पडलंय. हे मी राग म्हणून सांगत नाही. राग करायचा कुणाचा, हेच मला अजून कळलेलं नाही. पण कागद लिहिणाऱ्यांनो, तुम्ही शिकलेले आहात. पुढच्या साथीत 'घरात बसा' लिहाल, तेव्हा त्याखाली भाकरीचीही एक ओळ लिहा, आणि मला बाहेर काढा. तेवढी एकच दवंडी सरकारनं माझ्याकडून अजून दिलेली नाही.