हवाबंद पिंप

मार्करचं टोपण दातांत धरलेलं होतं, म्हणून बोलता येत नव्हतं. मुलांच्या शिबिराच्या पिंपावर 'तांदूळ' लिहून झालं होतं, 'डाळ' लिहायची होती, आणि हिमालयातल्या मोहिमेवरून फोनवर अभिनव सांगत होता – पहिल्या कॅम्पवर सामान पोचवून परत येताना, भर दुपारी, वरून बर्फ आलं… पूर्णिमाताई सापडत नाहीत… शोधून झालं, काका. श्यामसुंदर नुसता हं, हं करत राहिला. अभिनवला वाटलं, यांना समजलंच नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. श्यामसुंदरनं बायकोचं मरण असं दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा टोपण तोंडातून काढायचं सुचलं नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. सदाशिव पेठेतल्या या दोन खोल्यांत गिर्यारोहण क्लबचं सामान अजून येतं. हिमालयात जायचं सगळं इथेच निवडलं जातं, पिंपांत भरलं जातं आणि इथूनच स्टेशनावर पार्सलला जातं. चढायची ती, बांधायचा मी. इतकी वर्षं असंच होतं.

ती आली नाही, तिचं पिंप आलं. कोपऱ्यात आहे. बेस कॅम्पवर अभिनवनं तिच्या राहिलेल्या वस्तू त्यात भरल्या, झाकण लावलं, वरून लोखंडी कडी आवळली. झाकणाखाली रबर असतं. खेचर ओढ्यात बसलं तरी पाणी आत जात नाही, हे श्यामसुंदरनं नव्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल. पाणी आत जात नाही म्हणजे हवा बाहेर येत नाही. म्हणजे आत अजून तिथली हवा आहे – त्या तंबूतली, जिथे आदल्या रात्री ती झोपली होती… हा वेडेपणा आहे, हे त्याला कळतं. पण फरशी पुसायला येणाऱ्या विमलाबाईंना त्यानं बजावून ठेवलंय, ते हलवायचं नाही.

सकाळी भाग्यश्री आली. या वर्षीच्या मोहिमेच्या सामानाची जबाबदारी तिच्याकडे आहे. जमिनीवर बसून ती दुपारच्या खाण्याच्या पुड्या तपासायला लागली.

"काका, चिक्की कुठंय?"

"खजूर आहे ना."

"सगळ्यांना खजूरच? आणि बिया काढून, बारीक तुकडे करून? अहो, आम्हांला दात आहेत अजून!"

ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. पूर्णिमाची दाढ थंडीत ठणकायची. वर चिक्की दगडासारखी होते, म्हणून तिच्या पुडीत तो मऊ खजूर घालायचा. या खेपेला मंडईतून खजूर आणला, बसून बिया काढल्या, तुकडे केले, पुड्या बांधल्या – आणि एकदाही मनात आलं नाही की हे कुणासाठी चाललंय. सगळ्या मोहिमेचं खाणं एका दाढेसाठी बांधून झालं होतं.

"राहू दे, काका. खजूरच बरा. अभिनवदादाचं तोंड बोलण्यातच गुंतलेलं असतं, चावणार कधी?"

मग ती बुटांकडे वळली, दोरांकडे वळली. जाड जॅकेट अभिनवचंच जुनं घेतेय म्हणाली, पिसं गळतात त्यातून. "मी पुढे चालले तर मागच्याला वाटेल, कोंबडी चाललीय." श्यामसुंदर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असेल, कारण गाल अवघडल्यासारखे झाले.

दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "काका, एक पिंप कमी पडतंय. नसेल तर पोत्यात भरू." कोपऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं नाही, म्हणूनच त्याला कळलं.

"पोत्यात नको, सगळं भिजेल. टेम्पो यायच्या आत देतो."

दुपारी तो पिंपासमोर बसला. कडीवर हात ठेवला. लोखंड गार होतं, खोलीतल्या इतर लोखंडाइतकंच गार. कडी उघडायला जोर लागत नाही… मी हजार वेळा उघडली असेल. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, गव्हाचं पिंप चादरीवर रिकामं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, झाकणाचं रबर बोटानं चाचपून पाहिलं. शाबूत होतं.

संध्याकाळी टेम्पो आला. भाग्यश्रीनं पिंपात डोकं घातलं, गव्हाचा वास आला असणार. "सामान आज पार्सलला देतो, आम्ही परवा निघतोय," एवढं म्हणाली आणि वाकून नमस्कार करून गेली.

तिचं पिंप उघडावं लागलं नाही; सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्यानं चहा केला. अभिनवनं सांगितलं होतं, पिंपात सगळ्यांत वर ताईंचं जाड जॅकेट घातलंय. परतताना दुपारचं ऊन असणार म्हणून त्या ते तंबूतच ठेवून गेल्या होत्या. वर्षभर त्या पिंपात काय आहे म्हटलं की पूर्णिमा, एवढंच मनात यायचं. आज कप तोंडाशी असताना आलं – भाग्यश्रीचे खांदे साधारण तेवढेच आहेत. बाह्या जरा लांब होतील, पण वर लांबच बऱ्या… आणि तो दचकला. आपण हे कुणाच्या कपड्याचं माप काढतोय? पण माप काढून झालं होतं. इतके दिवस ते तिचं होतं. आता ते एक चांगलं, न गळणारं जॅकेट होतं, आणि जिथे ही पोरगी चालली होती तिथे थंडी होती.

चादरीवरचे गहू अजून तसेच आहेत. भाग्यश्री परवा निघते. जॅकेट द्यायचं राहिलं आहे.