कबीरचा गुडघा

आसावरीने आपल्या मुलाचं कौतुक कधी केलंच, तर त्याच्या पाठीमागे आणि तेही अर्धंच. लेकराला सगळ्यात आधी दृष्ट लागते ती आईचीच, हे तिच्या साताऱ्याच्या आईचं वाक्य तिच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यामुळे इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी काकू म्हणाली, "कबीर काय छान निघाला गं!" की हिचं उत्तर तयार. "कसला छान! तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही." काकूंना ही भाषा कळायची. त्याही आपापल्या पोरांना असंच चारचौघांत झोडपायच्या.

पंचाईत एवढीच की फुटबॉलच्या कोचना ही भाषा येत नाही.

कबीर सतरा वर्षांचा, सहा फूट चार इंच उंच आणि एकशे तीस किलो वजनाचा. दोन्हीकडच्या सात पिढ्यांत असा देह झाला नव्हता. आसावरीचा नवरा श्रीरंग नागपूरचा, पाइपलाइनचा इंजिनिअर. तो म्हणायचा, हे सगळं तुझ्या थालीपिठांचं फळ. अमेरिकन फुटबॉलमध्ये कबीरचं काम सरळ होतं: चेंडू फेकणाऱ्या पोराच्या अंगावर जे धावून येतील त्यांना अडवायचं. स्वतः चेंडूला हात लावायचा नाही. पहिली दोन वर्षं आसावरीला वाटायचं, बिचाऱ्याला कोणी खेळायलाच घेत नाही. मग एकदम सतरा कॉलेजांनी फुकट शिकवायची तयारी दाखवली, तेव्हा ती हबकली.

गाळता गाळता तीन कॉलेजं उरली. एक त्यांच्या गावापासून, शुगर लँडपासून, गाडीने दोन तासांवर, एक जरा लांब, आणि एक पार वॉशिंग्टन राज्यात, जिथे जायला दोन विमानं बदलावी लागतात आणि ऑक्टोबरपासूनच थंडी पडते. कबीरचं मन त्या तिसऱ्यावर बसलं होतं. आसावरीचं पहिल्यावर. दोन तास म्हणजे काय, रविवारी डबा नेऊन देता येतो.

नोव्हेंबरात तिन्ही कोच एकेक करून घरी आले, आणि आसावरीने तिघांनाही कांदेपोहे केले. "मुलगी बघायला आल्यासारखे बसतात रे सोफ्यावर," ती श्रीरंगला म्हणाली. तिला स्वतःला चार स्थळांनी पाहिलं होतं, त्यामुळे तिला माहीत होतं.

वॉशिंग्टनचे कोच हॅलोरन आले त्या दिवशी फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म कोकलायला लागला. कबीरने नेहमीप्रमाणे नुसता हात वर करून तो बंद केला. कोच खूश. पोह्यांची दुसरी बशीही त्यांनी मागून घेतली. माणूस चांगला होता, हेच तर वाईट झालं. कबीर पाणी आणायला आत गेला तेव्हा ते म्हणाले, "मॅम, युवर सन इज स्पेशल. असा मुलगा मी दहा वर्षांत बघितला नाही."

"नो, नो, ही इज व्हेरी लेझी," आसावरीच्या तोंडून सवयीने निघालं. इथवर ठीक होतं. पण कोच मनापासून हसले, आणि तिला वाटलं: पोरगा गेलाच आता. मग तिने पुढे जोडलं, "अँड हिज नी. इन कोल्ड, इट पेन्स."

गुडघा दोन वर्षांपूर्वी मुरगळला होता. महिनाभर तिने तेल लावलं, डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून लिहून दिलं, आणि त्यानंतर तो एकदाही दुखला नव्हता. श्रीरंग काही बोलायच्या आत कबीर पाणी घेऊन आला आणि विषय बदलला. कोचनी चमचा बशीत ठेवला होता.

त्यानंतर रोज येणारा त्यांचा फोन बंद झाला. एक दिवस नाही, दोन नाही, अकरा दिवस. कबीर जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचा आणि दर घासाला बघायचा. "दे प्रॉबब्ली फाउंड समवन बेटर," तो एकदा म्हणाला आणि तिसरं थालीपीठ न घेता उठला. कॉलेज ठरवून करारावर सही करायचा दिवस आठवड्यावर आला होता. आसावरीच्या मनासारखं होत होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी श्रीरंगच म्हणाला, "तो गुडघा कशाला काढलास गं? मला वाटलं, सवयीने बोललीस."

"पहिलं सवयीने बोलले." तिने कप खाली ठेवला. "गुडघ्याचं मुद्दाम. मला तो इथे हवा होता."

श्रीरंगने बुडवलेलं बिस्किट चहातच पडलं. "मलाही हवाय. पण फोन तुलाच करावा लागेल."

कबीर व्यायामाला गेला होता. तिने ओट्याशी उभं राहून फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. मी खोटं बोलले, कोच. गुडघा चांगला आहे, डॉक्टरांचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. थांबायला हवं होतं, पण एकदा बांध फुटल्यावर तिला थांबता येईना. तो आळशी नाही. पाच वाजता आपला आपण उठतो. हाका मी मारते, मला मारायला आवडतात म्हणून. वादळात वीज गेली तेव्हा शेजारच्या, चालता न येणाऱ्या शोभनामावशींना त्याने खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं आणि घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही. लोकांना अडवायचं काम त्याला कोणी शिकवलेलं नाही, तो लहानपणापासून दुसऱ्याच्या पुढे उभा राहतो. असा मुलगा, कोच, मीही दुसरा बघितलेला नाही.

कोचनी सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट पाठवा, मॅम. सोमवारी आमचे डॉक्टर बघतील." मग जरा हळू, "अँड थँक यू. आय नो इट्स फार."

ती वळली तर गराजच्या दारात कबीर, खांद्यावर बॅग तशीच.

"यू टोल्ड हिम माय नी हर्ट्स?"

"हो."

"मॉम, दॅट वॉज सो नॉट ओके."

"नाहीच रे. चुकलं माझं."

तो तिथेच उभा राहिला. राग होता, पण चेहऱ्यावर धरून ठेवता येत नव्हता. मग तो मराठीत बोलला, जे तो क्वचितच करायचा. "आई, ते बाकीचं तू मला कधीच नाही सांगितलं."

"दृष्ट लागते," आसावरी म्हणाली आणि रडली.

सोमवारी फोन आला. बुधवारी शाळेच्या जिममध्ये टेबलावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या मांडल्या होत्या. कबीरने वॉशिंग्टनची हिरवी टोपी उचलून डोक्यावर घातली. आसावरीने तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिने मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि त्याला स्वयंपाकघरात खाली बसवलं. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची," ती ओवाळत पुटपुटली.

"हू गेव्ह मी द ईव्हिल आय?"

"मीच. शनिवारी, फोनवर."

तिने मूठ तापल्या तव्यावर टाकली. मोहरी तडतडली, धूर झाला आणि अलार्म कोकलायला लागला. कबीर उठला, त्याने नुसता हात वर केला आणि अलार्म थांबला. आसावरी छताकडे बघत राहिली. तिचा हात तिथवर पोचत नव्हता, श्रीरंगचाही नाही. घरात एक स्टूल आणून ठेवावं लागणार होतं.