ठासून भरलेली सुट्टी

काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात खोकेमास्तरांचा शब्द शेवटचा असे. बरण्या बनवायचं काम इतरांचं. त्या खोक्यांत भरून, न फुटता, गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोचतील हे बघायचं काम मास्तरांचं. भरलेलं खोकं ते कानाशी धरून हलवत. आतून जरा जरी आवाज आला, की खोकं पुन्हा उघडायचं, मोकळी जागा शोधायची, ती भरायची आणि पुन्हा हलवून बघायचं. "पोकळी दिसली की भरा!" हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्यांच्या पाठीमागे लोक ते त्यांच्याच आवाजात म्हणत. मास्तरांना हे ठाऊक होतं. नक्कल बरी जमते, असंही त्यांचं मत होतं.

असा माणूस सुट्टीचा स्वयंपाक आधीच करून बरोबर न्यायला निघाला, तर पुढे काय होणार हे कुणालाही कळलं असतं. एका मास्तरांना तेवढं कळलं नाही.

त्याचं असं झालं. मागल्या वर्षी मास्तर, त्यांची बायको आणि लेक अशी तिघं तळ्याकाठी एक घर भाड्यानं घेऊन राहिली होती. हॉटेलचं खाणं नको, आपलं आपण करून खाऊ, ही मास्तरांची सूचना. यातलं 'आपण' म्हणजे नक्की कोण, याचा विचार करायचं राहून गेलं होतं. मास्तर तळ्यात पाय सोडून बसले, लेक होडी वल्हवायला शिकली, आणि बायकोनं तळं पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, कशी झाली सुट्टी? "छान झाली की," बायको म्हणाली. "तिथली शेगडी डावीकडे होती. आपली उजवीकडे आहे, एवढाच काय तो फरक." मास्तर शेजारीच उभे होते. त्यांना हा विनोद वाटला आणि ते हसलेही.

यंदा डोंगराच्या पायथ्याचं एक घर बघून ठेवलं, तेव्हा मात्र बायकोनं सरळ सांगितलं, "तुम्ही दोघं जा. जिथे शेगडी असेल तिथे मी सुट्टीला येत नाही."

लेकीचा चेहरा उतरला. सुट्टीनंतर ती नोकरीसाठी लांबच्या शहरात राहायला जाणार होती. तिघांनी मिळून असं कुठे जायचं पुन्हा कधी जमेल, कोण जाणे. मास्तरांना ते बघवेना, आणि असं काही बघवेनासं झालं की त्यांची जीभ सैल सुटे.

"अगं, जेवणाचं सगळं माझ्याकडे लागलं," ते म्हणाले. "इथूनच शिजवून, गोठवून नेतो. तिथे नुसतं गरम करायचं. तू स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस."

बायको म्हणाली, "एकदा जरी टाकावं लागलं ना, तर मी त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं परत. आत्ताच सांगून ठेवते."

"कबूल!" मास्तर म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर त्यांनी स्वतःच स्वतःला चढवलं होतं.

शिजवायचं काम तसं बरं पार पडलं. लेकीनं बाजूला उभं राहून सांगायचं आणि मास्तरांनी ढवळायचं. कोंबडीचा रस्सा झाला, शिजवलेले मसूर झाले, टोमॅटोत घातलेले बटाटे झाले, भाजलेला लाल भोपळा झाला, गोड म्हणून साखर घालून शिजवलेली सफरचंदं झाली. वाटाण्याचं सूप तर इतकं झालं, की घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काठोकाठ भरलं. लेक म्हणाली, "बाबा, आता प्रत्येक पिशवी वेगळी गोठवा. आडवी, सपाट. गोठल्या की पेटीत उभ्या रचा, म्हणजे हवी ती काढता येते."

मास्तर मायेनं हसले. पोरीनं आयुष्यात खोकी भरली होती किती? त्यांनी तिला झोपायला पाठवलं.

मग त्यांनी थंडावा धरून ठेवणारी मोठी पेटी घेतली आणि गाठ मारलेल्या पिशव्या तिच्यात रचल्या. पिशव्या गोलमटोल, पेटी चौकोनी. प्रत्येक दोन पिशव्यांमध्ये फट राहिली. मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष करून पाहिलं, पण त्यांना ते सोसेना. कागद कोंबावा, तर हे खाण्याचं काम. पाणी ओतावं, तर नुसतं ओझं. एवढ्यात त्यांची नजर सुपाच्या पातेल्याकडे गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते डावाडावानं सूप पेटीत ओतत गेले. फटी भरल्या, कोपरे भरले, वरच्या पिशव्याही झाकल्या गेल्या. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये पेटी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून तिला कान लावून हलवली. हूं की चूं नाही. मास्तरांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं गेलं.

डोंगराच्या घरी ते दुपारी पोचले. बायकोनं व्हरांड्यातली वेताची खुर्ची पकडली, चपला काढल्या आणि पुस्तक उघडलं. मास्तरांनी पेटी ओट्यावर ठेवून ऐटीत झाकण उघडलं. आत एक हिरवीगार, गुळगुळीत फरशी होती.

"आज कुठली पिशवी, बाबा?" लेकीनं विचारलं.

"वरची," मास्तर म्हणाले.

"वरची कुठे आहे?"

मास्तरांनी फरशीवर टकटक केलं. सगळ्या सुट्टीचं जेवण त्या फरशीच्या आत होतं, आणि आजच्या दुपारपुरतं त्यातून बाहेर काढायचा मार्ग जगातल्या कुठल्याच खोकेमास्तराला ठाऊक नव्हता. माल फुटू नये याचा बंदोबस्त त्यांनी इतका चोख केला होता, की आता तो फोडायचीच वेळ आली होती. त्यांनी गाडीतून पेचकस आणि हातोडी आणली.

"अहो, काय चाललंय?" पहिल्या ठोक्यालाच व्हरांड्यातून आवाज आला.

"गरम करतोय!" हातोडी उगारलेले मास्तर म्हणाले.

पेचकस सुपातून पार झाला आणि थेट कोंबडीच्या पिशवीत शिरला. दुसरा घाव सफरचंदांना बसला. मग त्यांनी उकळतं पाणी ओतून पाहिलं, तर भोक पडलेल्या पिशव्यांतून रस्सा निघाला आणि सफरचंदांची विचारपूस करायला गेला. लेकीनं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. त्यानं एवढंच झालं, की हिरवे शिंतोडे मास्तरांच्या चष्म्यावर उडाले. लेक हसून हसून जमिनीवर बसली. "आईला हाक मारू का?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"खबरदार!" मास्तर ओरडले, आणि तिला बिस्किटांचा पुडा देऊन बाहेर पिटाळलं.

उन्हं कलली तेव्हा सगळं विरघळलं होतं आणि सगळं एक झालं होतं. मास्तरांनी हात टेकले. हिरवा चष्मा नाकावर ठेवून ते व्हरांड्यात आले आणि बायकोसमोर उभे राहिले. "फजिती झाली," ते म्हणाले. "सगळ्या दिवसांचं जेवण एकाच दिवसात कालवलं गेलंय."

हे सांगताना त्यांनी चेहरा केविलवाणा ठेवला होता. खरं सांगायचं तर तो मुद्दामच ठेवला होता. ती बस नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि आता ही उसासा टाकेल, पुस्तक मिटेल, आत जाऊन सगळं निस्तरेल, अशीही वाट ते बघत होते. दोन्ही एकदम होणार नाही, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

बायकोनं पान उलटलं. "मग आता काय करणार तुम्ही?"

"तेच विचारायला आलो."

"मी सुट्टीवर आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मास्तर उभेच राहिले. हिचंही दूध नासलं असेल, भात करपला असेल, ऐन पाहुण्यांत भाजी खारट झाली असेल. तेव्हा असा चेहरा घेऊन ही कधी कुणापुढे येऊन उभी राहिली होती? त्यांना एकही प्रसंग आठवेना. आठवेना, म्हणजे तिला निस्तरावं लागलं नव्हतं असं नव्हे. मास्तरांना मनापासून लाज वाटली. ते मुकाट्यानं आत गेले, सगळं त्या घरातल्या मोठ्या पातेल्यात ओतलं आणि शिजत ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी तीन वाडगे बाहेर आणले. रंगाला नाव नव्हतं. कोपऱ्यावर बस थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. बायकोनं मान वर केली नाही. तिनं एक चमचा तोंडात घातला, जरा वेळ चघळला. "कोंबडीत सफरचंद घालायचं कुणी सुचवलं?"

"पेटीनं," मास्तर म्हणाले.

"उद्या काय आहे?" लेकीनं विचारलं.

"हेच."

"आणि परवा?"

"हेच. पातेल्याच्या तळापर्यंत हेच आहे."

बायको हसली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. असं हसताना मास्तरांनी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की आपला वाडगा त्यांनी चाटूनपुसून साफ केला.

"चव वाईट नाही," ती म्हणाली. "मीठ तेवढं कमी आहे."

मास्तर टुणकन उठले. तू बस, बस, असं हातानं दाखवत आत गेले. एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं, खण ओढले. मग ओट्यावर हात ठेवून, घरी रोज देतात तशी खणखणीत हाक त्यांनी दिली, "अगं, मीठ कुठे ठेवलंयस?"

बाहेर दोन्ही चमचे एकदम थांबले.

या स्वयंपाकघरात बायकोनं अजून पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, आणि आजची बस गेली असली तरी उद्याची होतीच. मास्तर उघड्या कपाटासमोर जागच्या जागी उभे राहिले, आणि वेताची खुर्ची सरकल्याचा आवाज येऊ नये म्हणून श्वास रोखून ऐकत राहिले.