चांदी काळी झाली

“सूनबाई, मांजरांना घास घातल्याशिवाय तू जेवायचं नाहीस,” असं सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं. शिंप्याच्या घरातल्या थोरल्या सुनेनं तसा शब्द दिला आणि व्रतासारखा पाळला.

घरातली मांजर गाभण असताना तापानं आजारी पडली, म्हणून तिला झालेलं पिल्लू राखाडी निघालं. धाकट्या दिरानंच कौतुकानं त्याचं नाव चांदी ठेवलं. पण अशा पिल्लांची राखाडी लव पुढे झडते, तशी हिचीही झडली आणि चार महिन्यांत चांदी काळीकुट्ट झाली. आज सकाळी दिरानं तिला पिशवीत घालून बाजारामागच्या गोदामात सोडलं.

“वहिनी, काळं मांजर बघून गिऱ्हाईक दारातून माघारी जातं. मी चांदी पाळली होती, कोळसा नव्हे.”

“भाऊजी, तुमचे काळ्याचे पांढरे झाले, तेव्हा तुम्हाला कुणी पिशवीत घातलं नाही,” ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. “आणि वकिलांचे काळे कोट बेतताना तुमची कात्री कधी अडखळलेली मी पाहिली नाही.”

दीर डोक्यावरून हात फिरवत राहिला. “बरं, जेवून तरी घ्या.”

तिनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं, डब्यात दूध घेतलं आणि चपला पायात सरकवून गोदामाची वाट धरली.