गर मळायची टाकी

लाकडी घाणा मोडीत निघाला, त्या दिवसापासून मल्लप्पाचं जेवणावरचं मनच उडालं. अक्कलकोट रोडला त्याच्या पोरानं, श्रीशैलनं, अव्होकॅडोच्या गरातून तेल काढायचं यंत्र बसवलं. लोक कौतुकानं बघून गेले, अन् हा म्हातारा आपला ओट्यावर गप्प बसून. असाच बसला तर वर्ष काढायचा नाही, हे सुनेला, श्रीदेवीला, स्वच्छ दिसत होतं. बापावर असावा तसा तिचा जीव होता त्याच्यावर.

"मामांना काय तर काम द्या की," ती नवऱ्याच्या मागेच लागली.

"बैलामागं जन्म काढलेला माणूस. हितं काय करतील?"

"गर बघत बसतील, तेल सुटलं की सांगतील. एवढं बी जमणार न्हाय व्हय त्यांना?"

शेवटी कटकटीला कंटाळून श्रीशैल हो म्हणाला.

काम तसं सोपं. ताजा गर कोमट टाकीत पडायचा अन् आतली लोखंडी पाती तो सावकाश मळत राहायची. हिरव्या लगद्यावर तेलाचा तवंग आला की गर पुढच्या यंत्रात सोडायचा. म्हातारा चार घास जास्त जेवू लागला. श्रीदेवीला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण टाकीवरच्या जाळीतून त्याला धड दिसेना.

"पोरी, ही जाळी आड येतीया बघ."

श्रीशैल बाजारात गेलेला. तिनंच स्क्रू फिरवून जाळी काढून दिली. कुठून बुद्धी झाली, देव जाणे.

गर कडेला चिकटला, तसा मल्लप्पाचा हात आपोआप आत गेला. घाण्यात करडई सारायला उभा जन्म तो असाच जात होता. पात्यानं बोटं धरली. तर हा माणूस ओरडला काय? "हो, हो रं राजा, हो!" बैलाला थांबवताना म्हणावं तसं लोखंडाला म्हणत होता. श्रीदेवी बटणापर्यंत पोचेतो हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात श्रीशैल नुसता पेटला होता. "जाळी कुणी काढली?"

श्रीदेवीनं तोंड उघडलं, तोच म्हातारा बोलला, "मीच काढली. ही नको म्हणत होती, ऐकलं न्हाय मी."

श्रीशैल बापाला नको नको ते बोलला. पुन्हा त्याला यंत्राकडं फिरकू दिलं नाही. श्रीदेवी भ्याली, आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. म्हाताऱ्यानं अन्न सोडलं, अन् पाऊस पडायच्या आत तो गेलाही.

अजून कुणी विचारलं की श्रीशैल म्हणतो, "अप्पा लई हट्टी. कुणाचं ऐकलं न्हाय त्यांनी." श्रीदेवी तिथंच उभी असते, अन् ऐकून घेते.