चंद्रभागाबाईंचं दही आणि मी

मित्रांनो, सुरतेच्या एका प्रयोगशाळेत खिडकीशी राखाडी पेटी दिसते ना, ती मी. जंतूंची जनुकं अक्षर अक्षर वाचणारं जुनं यंत्र.

माझा जन्म परदेशातला. इथे आलो कोरोनाच्या दिवसांत. तेव्हा माझा केवढा थाट! दसऱ्याला झेंडूची माळ, कपाळी कुंकू. साथ ओसरली आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर चढलं, कव्हरावर फायली. वाईट वाटायचं, पण रागवायचं कुणावर?

माझं वाचणं कसं, ते सांगतो. कीर्तनात बुवा चरण म्हणतात, मागे टाळकरी तो उचलतात. एखाद्याने एक अक्षर चुकवलं, की त्याचं ऐकून गाणारेही तसंच म्हणत जातात. त्या चुकीवरून कोण कुणामागे उभा होता, ते ओळखता येतं. जंतूही स्वतःची नक्कल करताना असेच चुकतात. त्या चुका जुळवल्या की कुठला जंतू कुठून आला, ते कळतं.

यंदा इथल्या नवागामात, मराठी माणसांच्या वस्तीत, हरिनाम सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी घरोघरचे दही-पोहे एका हंडीत कालवून काला वाटला. दोन दिवसांत गल्लीत कॉलरा! सर्वांआधी चंद्रभागाबाईंचा नातू आजारी पडला, म्हणून बोट त्यांच्या दह्याकडे गेलं. सप्ताहाच्या मंडळाने ठरवून टाकलं, पुढच्या काल्यात त्यांचं दही नको.

माझं कव्हर निघालं. आमच्या संशोधक नूतनताई रुग्णांचे नमुने घेऊन कामाला लागल्या, तोच दारात चंद्रभागाबाई. मागे मंडळाचे धुडकूभाऊ.

“मावशी, चला घरी. ताईंचं डोकं नका खाऊ.”

“आणि तीन वाट्या काला कोणी हाणला रे? तुले ते काहीच नई व्हयनं!” बाई उसळल्या. मग आवाज खाली आला. “बेटा, देवाच्या हंडीत मी विष कालवलं का, एवढंच सांग.”

“चार दिवस लागतील, मावशी. तोवर सगळ्यांनी पाणी उकळून प्या.”

धुडकूभाऊ हसले. “पाण्याची काळजीच नको, ताई. मंडपात जारचं पाणी होतं. आजाऱ्यांनाही तेच देतोय, विकतचं, थंडगार!”

“तेही उकळूनच द्या,” ताई म्हणाल्या. त्यांनी जारचाही नमुना मागवला.

मी वाचत गेलो. नातवाचा जंतू, गल्लीतल्यांचा, जारमधला, सगळ्यांच्या चुका सारख्या. दूरच्या इच्छापोरमधल्या कारखान्यातून ज्यांचे नमुने आले, ते चार कामगारही त्याच ओळीतले. त्यांनी काला पाहिलाही नव्हता; प्यायले होते फक्त त्याच पुरवठादाराचं जारचं पाणी. नातू लहान, म्हणून आधी पडला, इतकंच.

पण त्या चार दिवसांत दह्याला दोष देऊन निर्धास्त झालेली माणसं जारचं पाणी न उकळताच पीत राहिली. आणखी सात जण दवाखान्यात गेले. त्यांत धुडकूभाऊंची लेक उज्ज्वलाही होती. सुदैवाने सारे वाचले.

धुडकूभाऊ खाली मान घालून म्हणाले, “मावशी, पुढच्या वर्षी पहिलं दही तुमचं.”

“दह्याचं राहू दे. आधी त्या जारवाल्याच्या घरी जाऊन सांग. त्याचीबी पोरं तेच पाणी पीत असतील.”

मित्रांनो, मला अक्षरं वाचता येतात. असं मन मला कुणी बसवलेलं नाही. ते तुमच्याकडे आहे, ते जपा. साथ आली की नमुने लवकर पाठवा आणि माझं वाचून होईपर्यंत कुणाला दोषी ठरवू नका. आणि हो, तोवर पाणी उकळूनच प्या.